सोयाबीन गेलं, आता प्रार्थना कशी करू? वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

सगळ्यांना सलाम. या महिन्यात पत्रं कमी आणि व्हॉईस मेसेजच जास्त आले, एकात तर मागून ट्रॅक्टर असा चालू होता की निम्मं मला अंदाजानेच लिहावं लागलं. नावं काढून टाकलीत, फक्त तालुका ठेवलाय, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्या एवढ्याशा असतात की गावाचं नाव छापलं की कोण ते रविवारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

मावशी, मी राळेगाव तालुक्यातला, वय 27. पाच एकर वावर आहे, त्यात तीन एकर सोयाबीन होतं. सवंगायच्या टायमालेच पाऊस आला, चार दिवस थांबलाच नाही, शेंगाले झाडावरच कोंब फुटले. बँकेचं पीककर्ज आहे, वरून हातउसने पण आहेत. त्या रात्री मी लय प्रार्थना केली होती. मंग रविवारी एक भाऊ म्हणे, तुमचा विश्वास कमी पडला असन, घरात काही पाप आहे का तपासा. तेव्हापासून चर्चमधी जातो पण गाणं तोंडातून निघत नाही. प्रार्थनेले बसलो की देवाचाच राग येते. हे पाप आहे का? रात्री झोपही येत नाही.

बाबू, आधी त्या भाऊचं पाहू मग तुझ्या रागाचं पाहू. पाऊस काय सातबारा वाचून पडते का रे? तुझ्या धुऱ्यापलीकडच्या वावरातही तोच पडला असेल, तिथे कोणाचं पाप तपासायचं? प्रभू येशूने स्वतः सांगितलंय की स्वर्गातला बाप नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, मत्तय 5 मध्ये आहे. आणि शिलोहातला बुरूज पडून 18 जण मेले होते तेव्हा त्याने लोकांना सरळ विचारलं, ते बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि उत्तरही स्वतःच दिलं की नाही (लूक 13). इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना दर वर्षी, दर गावात, कोणाचं पीक गेलं की कोणाच्या घरी लेकरू आजारी पडलं की आपल्यातलाच कोणीतरी हा पाप तपासण्याचा धंदा काढून बसतो, मला याचा फार वैताग आहे.

आता राग. ईयोबाचं पुस्तक लोक अर्धं वाचतात, धीराने सोसलं एवढंच सांगतात. मधले पस्तीसेक अध्याय वाच, तो माणूस देवाशी भांडतोय, मला कोर्टात उभं कर म्हणतोय, मी जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं म्हणतोय. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप बसले, तोवर सगळं चांगलं होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं, कारण तेही हेच म्हणू लागले की तुझं काहीतरी पाप असेल. आणि शेवटी 42 व्या अध्यायात देवाचा राग कोणावर पेटला? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाबद्दल देव म्हणतो, हा माझ्याविषयी बरोबर बोलला. तर तुझा राग पाप आहे का याचं उत्तर तिथे आहे. राग घेऊन तू देवाकडेच जातोयस ना, दुसरीकडे तर गेला नाहीस.

प्रार्थनेला शब्द सापडत नसतील तर स्तोत्र 13 घे, एवढंसं आहे, पहिल्या दोनच ओव्यांत "किती वेळ" हा सवाल चारदा येतो. नाहीतर हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या ओव्या आपण कॅलेंडरवर छापतो, अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तलाठ्याने पंचनामा लिहावा तसं एकेक नुकसान तो मांडतो आणि मग म्हणतो तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पण तिथे पोचण्याआधी पहिल्या अध्यायात त्याने काय म्हटलंय ते कोणी छापत नाही, मी किती ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं आहे ते. आधीची तक्रार गाळून शेवटचा आनंद तुझ्याकडून कोणी मागत असेल तर त्याला म्हणावं पुस्तक पहिल्या पानापासून वाच, तीनच अध्याय आहेत.

गाणं नाही निघत तर नको म्हणू. बाजूला बस, बाकीच्यांना म्हणू दे. कफर्णहूमात त्या पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून खाली सोडलं होतं, तिथे मार्क लिहितो की प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. खाटेवरच्याने काही म्हटल्याचं लिहिलेलंच नाही.

पण बाबू, झोप येत नाही हे तू शेवटी एका ओळीत लिहिलंस आणि मला काळजी त्याचीच जास्त आहे. एलिया एवढा मोठा संदेष्टा, कर्मेलवर विजय मिळवला आणि दुसऱ्याच अध्यायात एका झुडपाखाली बसून म्हणतो माझा प्राण घे. देवाने त्याला वचन ऐकवलं नाही, रागावलाही नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो जेवला, परत झोपला, परत उठवून जेवू घातलं. उपदेश फार नंतर. आणि पुढे त्याला एकटं नाही सोडलं, जोडीदार दिला, तो अलीशा बारा जोड्यांनी नांगरट चालू होती तिथे सापडला. म्हणजे तुझ्यासारखाच वावरातला माणूस.

तेव्हा रात्री दोन घास खाऊनच झोपायला जा. कर्जाचा आकडा घरात एकाला तरी खरा सांग, आईला सांग, बायको असेल तर तिला. हातउसने ज्याचे आहेत त्याच्याकडे एकटा जाऊ नको, पाळकांना नाहीतर मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन जा. बँकेतही पासबुक आणि पंचनाम्याची कॉपी घेऊन स्वतः जा आणि पीककर्जाचं पुनर्गठन होते का असं विचार, नुसतं घरी बसून नोटीसची वाट पाहू नको. आणि हे मी स्पष्टच लिहिते, एलियासारखा विचार मनात येत असेल तर रविवारची वाट पाहायची नाही, 14416 लाव, टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फवारणीच्या औषधाचे डबे काही दिवस भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गोदामात ठेव. यात विश्वास कमी पडला असं काही नाही, देवाने एलियाकडे दूत पाठवला, तुझ्याकडे फोन उचलणारा माणूस पाठवेल.

मी दारव्हा तालुक्यातली. माहेरी रोज कौटुंबिक प्रार्थना व्हायची. इथे पहाटे उठून स्वयंपाक, मग कापूस वेचायला मजुरीने, परत आल्यावर पाणी, चूल, लेकरं. बायबल उघडलं की डोळे मिटतात. चर्चमध्ये नेहमी मार्था-मरिया सांगतात आणि मला वाटतं मी मार्थाच झाले.

मग काय वाईट झालं गं माय? मार्थेची गोष्ट लूक 10 वर, म्हणजे ती रांधत राहिली आणि बहीण मरिया प्रभूच्या पायाशी बसली म्हणून मरियेचं कौतुक झालं तिथेच, थांबवायची सवय आपल्या उपदेशकांना लागली आहे, बहुतेकांना जेवण ताटात आयतं मिळते म्हणून असेल. योहान 11 वाचायला सांग त्यांना. लाजर मेला तेव्हा मरिया घरात बसून राहिली, मार्था वाटेवर गेली, प्रभूशी बोलली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता असं तोंडावर म्हणाली, आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस ही कबुली पण तिचीच आहे. पुढच्या अध्यायात ती परत जेवण वाढतेच आहे आणि यावेळी तिला कोणी काही म्हणत नाही.

तुझ्यासाठी सोपं सांगते. स्तोत्र 120 ते 134, ही पंधरा गाणी लोक यरुशलेमला पायी जाताना म्हणायचे, म्हणून बरीचशी लहान आहेत, चालता चालता पाठ होतील अशी. 131, 133 आणि 134 तर तीन-तीन ओव्यांची. एका आठवड्याला एक घे. सकाळी एक ओवी ऐक, मराठी बायबल मोबाईलवर ऐकायला पण मिळते, चूल पेटवता पेटवता लावून दे, आणि वावरात पात धरली की तीच ओवी बोंडामागून बोंड मनात म्हणत राहा, ओटी भरली की ज्या बाईची आठवण येईल तिचं नाव देवापुढे घे. सोबतच्या बायांना ऐकू आलं तर येऊ दे. आणि रात्री डोळे मिटले तर मिटू दे, 121 मध्ये लिहिलंय की तुझा राखणारा झोपत नाही, आणि 127 मध्ये लिहिलंय की तो आपल्या प्रियजनांना झोप देतो, म्हणजे जागायचं काम त्याच्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

जावईबापू, हे तुम्ही वाचत असाल तर, ती भाकरी थापते तेव्हा पाच मिनिटं जोरात वाचून दाखवायला काय हरकत आहे? मोबाईल तर तसाही हातातच असतो तुमच्या.

मी रिटायर झालो, मूर्तिजापूरला असतो. रोज सकाळी पाच ग्रुपवर वचन पाठवतो, फुलांचे फोटो लावून. लोक बघतात, निळी खूण येते, पण आमेन पण कोणी लिहीत नाही. उत्तेजन मिळावं म्हणूनच पाठवतो ना मी. माझं मन खट्टू होतं.

भाऊ, रागावू नका, पण मी पण न वाचता पुढे सरकवते. तुमच्या पाठवण्यात यिर्मया 29:11 नक्कीच असेल, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. ते पत्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या एकच ओवी आधी सांगितलंय की 70 वर्षं लागतील. तोवर काय करा? तर घरं बांधा, बगीचे लावा, त्यांचं फळ खा, पोरांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे फुलाच्या फोटोवर मावत नाही, पण माणसाला उभं तेच करते. तर पाच ग्रुप राहू द्या, एक घर धरा. ज्याचं पोरगं नोकरीसाठी पुण्यात बसलंय आणि तीन परीक्षा नापास झालंय त्या घरी जा, चहा घ्या, वचन सांगायची घाई करू नका. याकोबाने लिहिलंय ना, भुकेल्याला नुसतं सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो म्हणून काय उपयोग. डेटा तुमचा, वेळही तुमचा, तेव्हा बाकी तुम्ही पाहा.

घाटंजी तालुका, बारावीत आहे. आमचं एकच ख्रिस्ती घर आहे गावात. मित्र म्हणतात तुमचा धर्म बाहेरचा. पोळ्याला आमचे बैल सजवायचे का यावर घरात बाबा आणि आजोबांचं भांडण होते. मला कळत नाही आपण नेमके कुठले.

तू घाटंजीचा, अजून कुठला. बाहेरचा म्हणणाऱ्याला नारायण वामन टिळक सांग. कोकणातला ब्राह्मण, नागपूरला काही वर्षं काढलेली, आणि 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने हातात नवा करार दिला. तिथून ते वाचत गेले, 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर काय साहेबी गाणी लिहिली का? अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, ख्रिस्ताला ओव्यांत बसवलं. आपण आज जी भजनं म्हणतो त्यातली कितीतरी त्यांची आहेत. आणि यवतमाळला तर 1953 पासून 1983 पर्यंत मोठी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा होती, देशभरातून पोरं शिकायला यायची, मग ती पुण्याला गेली. सेमिनरीचं तर तुमच्याच जिल्ह्यात घडलेलं आहे, मित्रांना सांगायला हरकत नाही, भांडून नाही, गप्पा मारत.

पोळ्याबद्दल सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही, मी माझं सांगते. खांदमळणी करा, बैल धुवा, शिंगं रंगवा, झूल घाला, गोडाचा घास द्या. सातव्या दिवशी बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा ही तर देवाची आज्ञा आहे, निर्गम 23 मध्ये, आणि मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका हे अनुवाद नावाच्या पुस्तकात, 25 व्या अध्यायात. वर्षभर राबलेल्या जनावराचा मान ठेवणं आपल्या शास्त्रात बसते. पूजा आणि आरती जिथे येईल तिथे तुझ्या मनाला पटत नसेल तर नम्रपणे बाजूला उभा राहा, नाटक करू नको, शेजाऱ्याच्या पुरणपोळीला नाकही मुरडू नको. आणि घरातल्या भांडणात म्हणशील तर मी आजोबांच्या बाजूने आहे, ते सजवायच्या बाजूने आहेत असं मी धरून चाललेय, नसतील तर बाबांच्या.

मेहकर तालुका. यंदा सोयाबीन विकून कर्ज फेडलं, हातात काही उरलं नाही. दशमांश द्यायचा की नाही? न दिला तर शाप लागते म्हणतात.

काही उरलं नाही त्याचा दहावा भाग किती होतो ते तुम्हीच काढा. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की मनाची तयारी असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि अनुवाद 14 मध्ये दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश देवाच्या सेवेतल्या लेव्यांबरोबर परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून गावातच ठेवायला सांगितलाय, तर यंदा कदाचित तुम्ही घेणाऱ्यांत आहात, आणि मंडळीने तुमच्याकडे यायला पाहिजे. तुमचे पाळक नाराज होतील तर त्यांना हा अंक दाखवा. सावकाराकडून उचलून मात्र देवाला देऊ नका, व्याज देव भरणार नाही. तूर अजून वावरात उभी असेल ना, ती निघाली की हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या उपासनेला एक पायली आणा, लिलावात मी बोली लावते, पण भाव जरा बेतानेच वाढवा, माझी पेन्शन पण फार नाही.