बी.ई. सिव्हिलनंतर कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये एम.टेक. करून खरंच उपयोग होतो का, की ते सगळं साइटवरच शिकता येतं?

उपयोग होतो. "साइटवर सगळं आपोआप येतं" हे मी घरात इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

माझे मामा नाशिकला ठेकेदार आहेत. सेंट्रिंग कधी सोडायचं, कुठल्या गवंड्याला कुठली भिंत द्यायची, हे त्यांना नजरेनं कळतं. मी एम.टेक.ला निघाले तेव्हा ते आईला म्हणाले, "पोरीची दोन वर्षं कशाला वाया घालवतेस? मॅनेजमेंट काय पुस्तकात असतं? पाठव माझ्याकडे." मी गेले नाही.

पुढे एका ठेकेदार कंपनीत प्लॅनिंगला लागले. सरकारी इमारत, खाली बेसमेंट. रिटेनिंग वॉलची, म्हणजे बेसमेंटभोवतीची माती अडवणाऱ्या भिंतीची, ड्रॉइंग्ज उशिरा आली, त्यातच अवेळी पावसानं खड्डा भरला, आणि कंपाउंड वॉलच्या रेषेतल्या झाडांची परवानगी अडकली. साइटवर हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, होतं, पण कोरं. मी ते भरायला घेतलं. अडथळा काय, कधीपासून कधीपर्यंत, त्यामुळे कुठलं काम थांबलं, ड्रॉइंगचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांच्या सह्या. सही मिळवणं हेच खरं काम. समोरचे, म्हणजे सरकारी बाजूचे, ज्युनिअर इंजिनिअर "उद्या बघू" म्हणायचे आणि मी रजिस्टर घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभी राहायचे. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणायचे, "मॅडम, साइट काँक्रीटवर चालते, वहीवर नाही."

मुदत संपली आणि दंडाची नोटीस आली. मग सगळ्यांना वही आठवली. मॅनेजरनी सगळ्या अडथळ्यांच्या दिवसांची सरळ बेरीज केली आणि तेवढी मुदतवाढ मागायला निघाले. अशी बेरीज समोरचा पहिल्याच बैठकीत फेटाळतो. ड्रॉइंग आलेलं नाही आणि त्याच दिवसांत पाऊसही आहे, तर ते दिवस एकदाच धरायचे. कंपाउंड वॉल तर क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या कामांवर शेवटची तारीख ठरते त्या साखळीत, नव्हतीच; तिला भरपूर फ्लोट, म्हणजे उशीर झाला तरी चालेल अशी सवड, होता. झाडांपायी गेलेल्या दिवसांनी इमारतीची शेवटची तारीख हलत नव्हती. रिटेनिंग वॉलनं मात्र हलत होती, कारण तिच्याशिवाय वरचं काहीच उभं राहणार नव्हतं. मी मूळ शेड्यूलमध्ये एकेक अडथळा तारखेनिशी घातला, एकमेकांवर आलेले दिवस वजा केले आणि मॅनेजरांच्या आकड्यापेक्षा बरीच कमी मुदत मागितली. प्रत्येक दिवसामागे सही होती. मुदतवाढ मिळाली, दंडाशिवाय.

हे मी वर्गात शिकले होते. क्रिटिकल पाथची पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत खास डोकं लावून बसवली गेली. विटा मोजता मोजता ती कुणाला सुचत नाही. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 55 वेळेबद्दल काय म्हणतं आणि कलम 74 दंडाबद्दल काय म्हणतं, हेही साइटवर कुणी शिकवत नाही. मामांनी स्वतः एका शाळेच्या कामात उशिराचा दंड भरलाय. जागाच उशिरा ताब्यात मिळाली होती, चूक त्यांची नव्हती, पण त्या बाबतीतलं एकही पत्र त्यांच्याकडे नव्हतं. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचे पैसे एका पत्रावाचून जातात, तेव्हा "पुस्तकात काय असतं" हे मला ऐकवू नये.

कॉलेजचं म्हणाल तर गेट ही प्रवेशपरीक्षा द्या. आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास, मुंबईत व्हीजेटीआय हे पर्याय बघा. गेटवर प्रवेश मिळाला तर अशा संस्थांत साधारणपणे महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन असतं. पुण्यात बालेवाडीला निकमार ही खाजगी संस्था आहे, तिथं याच क्षेत्राचं शिक्षण मिळतं, पण खाजगी ठिकाणच्या फीचा हिशेब आधी नीट मांडा. मोठं कर्ज काढून जाऊ नका. पहिला पगार काही दुप्पट होत नाही.

आणि हो, साइट अजिबात न बघता थेट जाऊ नका. वर्ष-दोन वर्षं काम करून गेलात तर वर्गातलं डोक्यात बसेल. मी थेट गेले, पण माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मामांच्या साइटवर गेल्या होत्या, आणि त्याचा फायदा मला झाला हे मी कधीच नाकारलेलं नाही. ज्यांना फक्त एक्झिक्युशनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामात, राहायचंय, त्यांचं या डिग्रीवाचून अडत नाही. प्लॅनिंग, काँट्रॅक्ट्स, क्लेम्स (मुदतवाढीचे, पैशांचे दावे) यांत जायचं असेल तर मात्र कराच, आणि काँट्रॅक्टचा पेपर ऐच्छिक असेल तर तो सोडू नका. मामांचा मुलगा यंदा गेटला बसतोय. त्यालाही मी हेच सांगितलंय, मामांसमोर.