मिनिमम ड्यू भरत राहिलं की सिबिल वाढतं का?

प्रश्न: ताई, मी चाकणला कंपनीत आहे, वय २७. क्रेडिट कार्डाचं लिमिट ७५ हजार. दिवाळीत फोन आणि घरी फ्रिज घेतला, बिल ६० हजारांवर गेलं. ऑफिसमधला मित्र म्हणतो पूर्ण भरूच नको, नुसता मिनिमम (बिलावर छापलेली कमीत कमी भरायची रक्कम) भर, बँकेला व्याज मिळालं की सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) पटापट वाढतं. पुढच्या वर्षी होम लोन काढायचंय म्हणून मी तसंच करतोय पण बिल काही कमी होईना. कार्डच बंद करून टाकू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर: मित्राला सांगा, तू आधी स्वतःचं स्टेटमेंट वाच. त्यात बारीक अक्षरात छापलेलंच असतं की नुसता मिनिमम भरत गेलात तर फेडायला महिनोन्‌महिने, वर्षं लागतील. रिझर्व्ह बँकेनेच ते छापायला लावलंय, पण वाचतंय कोण!

आता तुमचाच हिशोब बघा. ६० हजारांवर ५ टक्के मिनिमम म्हणजे ३,००० भरले, राहिले ५७,०००. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,९९५ व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी ३५९, म्हणजे पुढचं बिल ५९,३५४. खिशातून ३ हजार गेले आणि बिल उतरलं साडेसहाशे रुपयांनी. हे पण मी सोपं करून सांगितलं, खरं व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात त्यामुळे आकडा अजून वर जातो. आणि बाकी ठेवली की ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे सगळं संपतं, मग नवीन स्वाइप केलेल्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

सिबिलचं म्हणाल तर मित्राचं अर्धं बरोबर आहे. मिनिमम वेळेवर भरला की रिपोर्टमध्ये त्या महिन्याच्या चौकटीत ‘०००’ येतं, म्हणजे शून्य दिवस उशीर. पण तेवढंच. तुम्ही बँकेला किती व्याज दिलंत याचे मार्क कुणी देत नाही, पूर्ण बिल भरणाऱ्यालाही तेच ‘०००’ मिळतं आणि तेही फुकटात. उलट तुमच्या कार्डापुढे लिमिट ७५ हजार, बाकी ६० हजार असं दिसतं, म्हणजे ८० टक्के वापर, आणि हा माणूस कार्डावर जगतोय असा त्याचा अर्थ निघतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात ते याच्यासाठी.

तर आधी स्वाइप करणं थांबवा, एकदम थांबवा. मग बघा कंपनीची कामगार पतसंस्था आहे का, असेल तर तिथून कर्ज काढून कार्ड एका फटक्यात मोकळं करा, नाहीतर पगाराच्या बँकेत पर्सनल लोन विचारा. कार्डाचं व्याज वर्षाला ४२ टक्के पडतं, त्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळालं तरी सुटलात. बँक बिलाचे ईएमआय करून देते तेपण चालेल पण प्रोसेसिंग फी विचारून घ्या. आणि ‘सेटलमेंट करून टाका, एवढं भरा बाकी सोडतो’ असा फोन आला तर नाही म्हणा, रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शिक्का बसला की होम लोनवाला पहिलं तेच विचारतो.

सुधारणा दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही, १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला तरी सिबिलसारख्या कंपन्यांना माहिती कळवावी लागते. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलचाच नाही, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या असेच रिपोर्ट देणाऱ्या बाकीच्या तीन कंपन्यांचाही. लोनचा अर्ज टाकायच्या आधी काढून बघा, फेडलेलं कर्ज चालू दाखवलेलं निघतं कधीकधी.

कार्ड बंद मात्र आत्ता करू नका. पहिलंच कार्ड असेल तर तुमचा सगळा इतिहास त्याच्यावरच आहे. मोबाईलचं रिचार्ज, लाइट बिल एवढंच त्याच्यावर ठेवा आणि पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावा (फॉर्मवर ‘टोटल ड्यू’वर टिक करा, घाईत ‘मिनिमम’वर होते). लोन झाल्यावर नकोच वाटलं तर बंद करा, बाकी शून्य असेल तर ७ कामाच्या दिवसांत बँकेला बंद करावंच लागतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.