पोलिसांचे वायरलेस सेट डिजिटल झाले, तर इंदूरमध्ये जुन्या स्कॅनरवर काही ऐकू येईल का?

नाही, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांचा) बंदोबस्त राजवाड्याजवळ घरी बसून ऐकायचा तुमचा बेत ॲनालॉग स्कॅनरवर (वायरलेसवरची बोलणी शोधून ऐकवणाऱ्या जुन्या रेडिओवर) जमणार नाही. डीएमआर असो वा टेट्रा (डिजिटल वायरलेसच्या दोन पद्धती), आवाज आकड्यांत बदलून जातो आणि साध्या एफएम सेटवर नुसती घरघर येते. टेट्रात तर 25 किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर चार संभाषणं आळीपाळीने चालतात, आणि कुणाला कुठली जागा द्यायची ते कंट्रोल चॅनेल दर वेळी ठरवतं. त्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी लावून बसण्यात अर्थ नाही. डीएमआर उलगडणारे डिजिटल स्कॅनर मिळतात खरे, पण एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला सांकेतिक कुलूप, चालू असेल तर तेही मुके (विकणारा हे सहसा सांगत नाही). शिवाय दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपणं हा दूरसंचार कायदा, 2023 प्रमाणे गुन्हा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकण्याचीच हौस असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा द्या. 144 ते 146 मेगाहर्ट्झवर ऐकताही येतं आणि बोलताही.