जुन्या प्रार्थनापुस्तकात ‘300 दिवसांचा इंडल्जन्स’ छापलाय, तो आजही मिळतो का?

इंडल्जन्स म्हणजे माफ झालेल्या पापांबद्दल भोगायच्या शिक्षेत कॅथोलिक चर्च देतं ती सूट. तिच्यातला दिवसांचा आकडा आता चालत नाही. पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये तो काढून इंडल्जन्स ‘पूर्ण’ आणि ‘आंशिक’ एवढेच ठेवले. (तसेही ते शुद्धिस्थानातले (मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेतले) दिवस नव्हतेच, आरंभीच्या चर्चमधल्या तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकी माफी, एवढाच अर्थ.) तुमची प्रार्थना चर्चच्या 1999 च्या अधिकृत इंडल्जन्स-यादीत आहे का, ते बघा. रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) त्यात आहे: चर्चमध्ये किंवा घरच्यांसोबत, रहस्यांवर (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर) मनन करत पाच दशकं (प्रत्येकात दहा ‘नमो मरिया’) सलग म्हटली तर पूर्ण, एकट्याने घरी म्हटली तर आंशिक. पूर्णसाठी कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते. या हेतूंसाठी एक ‘आमच्या बापा’, एक ‘नमो मरिया’ पुरे. घोडं अडतं ते शेवटच्या अटीवर: बारीकशा पापाचीही ओढ मनात नको. ती असेल तर आंशिकच मिळतो.