शाळेने बस बंद केली तर पालकांनी मिळून बस चालवणं जमतं का?

तुम्ही विचारलंय: शाळेने जूनपासून बस बंद होणार असं कळवलंय, आसपासचे पंचवीसेक पालक एकत्र यायला तयार आहेत, तर पुण्यात पालकांनी मिळून बस चालवणं जमतं का, आणि गाडी विकत घ्यावी की भाड्याने.

जमतं. धायरीहून कोथरूडच्या एका शाळेत जाणारी २८ मुलांची बस जून २०२२ ते एप्रिल २०२५ अशी तीन वर्षं मी आणि आणखी दोन पालकांनी सांभाळली. गाडी विकत मात्र घेऊ नका. त्याचं कारण शेवटी लिहिते.

आमची सुरुवात साधारण तुमच्यासारखीच. कोरोनात शाळा बंद आणि बसवाल्यांचे हप्ते चालू, त्यामुळे शाळेच्या ठेकेदाराने गाड्या विकून टाकल्या. शाळा उघडल्यावर ऑफिसातून उत्तर मिळालं, "वाहतुकीची सोय पालकांनी आपापली करावी." मग निम्मी मुलं आईबाबांच्या दुचाकीवर आणि उरलेली रिक्षाकाकांकडे, एका रिक्षात नऊ. माझी मुलगी दुसरीत होती. ती काकांच्या सीटवरच अर्धवट टेकून, एक पाय बाहेर लोंबकळत निघालेली मी एकदा गॅलरीतून पाहिली. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग लावली.

गाडी शोधायला लागलात की पहिला मोह होतो पांढऱ्या पाटीचा. कुणाचा तरी भाचा म्हणतो, "माझी ईको रिकामीच असते, सोडतो की मुलांना." पांढरी नंबरप्लेट म्हणजे खासगी गाडी. तिने भाडं घेऊन मुलं नेणं बेकायदा आहे, आणि उद्या काही झालं तर विम्याचं भिजत घोंगडं. आमच्यातल्या दोघांना भाच्याचं वाईट वाटलं. वाटू दे.

स्कूलबससाठी महाराष्ट्राचे २०११ चे वेगळे नियम आहेत. पिवळा रंग, वेगनियंत्रक, आग विझवायचं सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, संकटकाळचं दार, मुलांना चढवा-उतरवायला माणूस, हे सगळं त्यात आहे. पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे आणि बहुतेक पालकांना ती माहीत नसते. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी असतात. भाडं आणि स्टॉप ठरवणं, गाडीचे कागद बघणं हे तिचं काम. त्यामुळे "बसशी आमचा संबंध नाही" असं शाळेला म्हणता येत नाही. आम्ही "बस द्या" असा अर्ज केलाच नाही. "परिवहन समितीची पुढची बैठक कधी आहे ते कळवावे" एवढीच ओळ लिहून आवकची सही घेतली. चार दिवसांत फोन आला. बसवाल्याचा करार शाळेशीही झाला पाहिजे, तो या मार्गानेच होतो.

कागद तपासायला कुणाची ओळख लागत नाही. एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. ड्रायव्हरचं लायसन आणि पोलीस पडताळणीचा दाखला हातात घेऊन बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका. "कागद गाडीत आहेत ताई, उद्या दाखवतो" असं दोनदा ऐकलं की पुढचा बसवाला बघायचा.

आता पैसे. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण आम्ही आपटलो ते इथेच.

३२ सीटची बस, ड्रायव्हर-डिझेलसकट महिना ५४,००० ला ठरली. मुलांना चढवा-उतरवायला बसमध्ये असणाऱ्या मावशींचा पगार ९,०००. एकूण ६३,०००, भागिले २८, म्हणजे मुलामागे २,२५०. हिशेब इतका सुबक आला की मला फारच बरं वाटलं. दिवाळीनंतर तीन मुलं गळाली. एकाच्या बाबांची बदली झाली, एकाच्या आजोबांनी स्कूटर काढली, तिसऱ्याने कारणही सांगितलं नाही. २५ मुलांचे ५६,२५० जमले. बसवाल्याने भाडं गाडीचं ठरवलेलं, मुलं मोजून नव्हे, त्याला पूर्ण पैसे हवेतच. महिना ६,७५० चा खड्डा. दोन महिने आम्ही तिघांनी खिशातून भरले आणि आपापल्या घरी त्यावर ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी भागाकार २८ ने न करता २४ ने केला. मुलामागे २,६२५. शिवाय दोन महिन्यांची अनामत. मध्येच सोडलं तर ती जाते, बदली मूल आणून दिलं तर परत. वर जमलेले पैसे मेमध्ये कामी येतात.

मे महिन्यावरून भांडण होणार हे आत्ताच लिहून ठेवा. "बस उभी असते, पैसे कशाचे?" बसवाला बारा महिने मागतो, पालक दहा देतात. आम्ही अकरावर मिटवलं आणि ते मी मनापासून पटवून दिलं. ड्रायव्हरला मेमध्ये पैसे मिळाले नाहीत तर तो लग्नाची वऱ्हाडं नाहीतर अष्टविनायक धरतो, आणि जूनमध्ये तोच माणूस परत येईल याची खात्री नाही. कुठल्या स्टॉपवर कुठलं मूल रडतं, कुणाला उलटी होते, हे ज्याला माहीत आहे असा ड्रायव्हर टिकवायला मुलामागे दोन-अडीच हजार मला महाग वाटले नाहीत. काहींना वाटले. ते अजूनही माझ्याशी जपूनच बोलतात.

पैसे एकाच कुणाच्या जीपेवर घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असो. आम्ही दोघांच्या नावाने वेगळं बचत खातं काढलं आणि दर १० तारखेला पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. "हिशेब कुठे आहे?" हा प्रश्न नंतर एकदाही आला नाही.

स्टॉपचं म्हणाल तर सुरुवातीला आम्ही चांगुलपणाने प्रत्येकाच्या गेटपर्यंत गाडी न्यायचं कबूल केलं. चौदा स्टॉप झाले. स्टॉपमागे दोन मिनिटं धरली तरी अठ्ठावीस मिनिटं नुसती थांबण्यात. एक ताई तर तिसऱ्या मजल्यावरून पोह्यांची वाटी दाखवून ओरडायच्या, "काका, दोनच घास!" त्यात तेव्हा सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू. पाच मिनिटांचा उशीर राजाराम पुलापर्यंत वीसचा व्हायचा. शेवटी सहा स्टॉप ठेवले: धायरी फाटा, वडगाव पूल, माणिकबाग, आनंदनगर, हिंगणे, राजाराम पूल. बस एक मिनिट थांबणार, मग निघणार. पहिल्या आठवड्यात चार मुलं राहिली, त्यात माझी एक होती. बरं झालं, नाहीतर माझं कुणी ऐकलं नसतं.

स्टॉप ठरवताना दुपारचा विचार आधी करा. सकाळी मूल ज्या कडेला चढतं, दुपारी त्याच्या समोरच्या कडेला उतरतं. सकाळी आजोबांनी गेटसमोरून चढवलेला मुलगा दुपारी दुभाजकाच्या पलीकडे उभा असतो, आणि मध्ये सिंहगड रस्ता. म्हणून पाचवीच्या खालच्या मुलाला घ्यायला ओळखीचं माणूस दिसल्याशिवाय उतरवायचंच नाही. कुणी आलं नसेल तर मूल शेवटच्या स्टॉपपर्यंत बसमध्ये, तिथून घेऊन जा. एका बाबांना एका महिन्यात चार वेळा धायरी फाट्यापर्यंत यावं लागलं. पाचव्यांदा ते दहा मिनिटं आधीच येऊन उभे होते.

मावशींचा पगार आम्ही पालकांच्या खात्यातून दिला, बसवाल्याकडून नाही. बसवाल्याने नेमलेली बाई बसवाल्याची असते. ड्रायव्हर फोनवर बोलत असेल तर ती आपल्याला सांगणार नाही. शिवाय बसमध्ये फोन मावशींकडेच असायचा, ड्रायव्हरला पालकांनी कॉल करायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. निघाली की मावशी ग्रुपवर लाइव्ह लोकेशन चालू करायच्या. ते दिसायला लागल्यावर "कुठे आलात?" बंद झालं.

आता जी गोष्ट सांगायला मला अजूनही जड जातं ती. पहिल्याच वर्षीचा सप्टेंबर, पावसाने दुपारीच अंधारून आलेलं. पहिलीतला एक मुलगा मागच्या सीटवर दप्तराला मिठी मारून झोपला. त्याची आई त्या दिवशी स्टॉपवर नव्हती, शेजारीण दुसऱ्या दोघांना घेऊन गेली, आणि तोही गेला असं सगळ्यांनी धरून चाललं. मावशी शेवटच्या स्टॉपवर उतरून घरी गेल्या. ड्रायव्हरकाकांनी गाडी नऱ्ह्याच्या मोकळ्या जागेत लावली, काचा चढवल्या, कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकताना त्यांना खोकल्याचा आवाज आला. एवढंच. खोकला आला नसता तर पुढचं मला लिहिता येत नाही.

मावशींना काढून टाका असा ग्रुपवर धोशा लागला. आम्ही काढलं नाही. झोपलेलं मूल समोरून बघितल्यावर सीटच्या पाठीआड दिसत नाही. आता कुणी कितीही लक्ष ठेवतो म्हटलं तरी मागपर्यंत चालत गेल्याशिवाय ते कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुळशीबागेतून दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली पाटी शोधून काढली, तिच्यावर एका बाजूला "मुलं आहेत", दुसऱ्या बाजूला "गाडी रिकामी" असं रंगाने लिहिलं आणि बसच्या अगदी मागच्या खिडकीला सुतळीने टांगली. शाळेपाशी आणि शेवटच्या स्टॉपवर, दोन्ही वेळा मावशींनी शेवटपर्यंत जायचं, वाकून सीटखाली बघायचं, पाटी उलटायची आणि फोटो टाकायचा. फोटो आल्याशिवाय काकांनी कुलूप लावायचं नाही. पाटीचा फोटो त्यानंतर एकदाही चुकला नाही. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, ही पाटी लावा.

तुमच्या शाळेची वेळही नीट विचारून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. मुलांच्या झोपेसाठी चांगलंच आहे. पण बसवाल्याचं गणित फेऱ्यांवर चालतं. आमची गाडी सातच्या शाळेला मुलं सोडून आठला दुसऱ्या शाळेची फेरी मारायची, म्हणून तर ती ५४,००० त मिळत होती. आमची लहान मुलं ९ वर आणि मोठी ७ वर गेली, तेव्हा एका फेरीच्या दोन झाल्या आणि त्याची दुसऱ्या शाळेची फेरी बुडाली. त्याने ७८,००० मागितले. तो लुटत नव्हता, मी डिझेल धरून स्वतः हिशेब केला. शेवटी तीन घरांनी मोठ्या मुलाला पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पास काढून दिला, बाकीच्यांनी वाढ सोसली, आणि आम्ही ७०,००० वर आलो.

पावसाळ्यात बस सोडायची की नाही हे कोण ठरवणार तेही आधीच ठरवा. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा शाळेच्या सुट्टीच्या निरोपाची वाट न बघता आम्ही बस रद्द केली. ग्रुपवर मतं मागवत बसलो असतो तर बस निम्म्या वाटेत असती. ज्या तिघांना नेमलंय त्यातल्या कुणीही एकाने "नाही" म्हटलं की बस नाही, असा नियम ठेवा. हो म्हणायला मात्र तिघेही लागतात.

गाडी विकत घेण्याबद्दल. आमच्या एका पालकाने पूर्ण एक्सेल करून आणली होती, पाच वर्षांत पैसे फिटतात अशी. त्या एक्सेलमध्ये ड्रायव्हरला डेंग्यू झाल्यावर बदली ड्रायव्हर कोण देणार, गाडी रात्री कुठे लावणार, पासिंगला दोन दिवस गाडी अडकली तर मुलं कशाने जाणार, हे रकाने नव्हते. बसवाल्याकडे चार गाड्या असतात, एक बिघडली तर दुसरी पाठवतो. आणि मुलं मोठी होतात. पाच वर्षांनी हप्ता तुमच्या गळ्यात आणि पालक सगळे नवे.

बसवाला शोधायला मात्र आत्ताच लागा. चांगले ड्रायव्हर मार्च-एप्रिलमध्येच ठरून जातात, मेमध्ये गाड्या पासिंगच्या रांगेत असतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जो लगेच रिकामा सापडतो तो का रिकामा आहे हे विचारावं लागतं. कराराचा आमचा मसुदा मराठीतच आहे, दीड पानाचा. हवा असेल तर खाली लिहा, नावं काढून टाकते.