पन्नाशी उलटली तरी पाळी सुरूच असेल तर

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे आणि माझी पाळी अजून गेलेली नाही. गेली दोन वर्षे ती कधी तीन आठवड्यांनी, तर कधी दीड-दोन महिन्यांनी येते. पूर्वी चार दिवसांत संपणारी पाळी आता नऊ-नऊ दिवस चालते, पहिले तीन दिवस अंगावरून फार जाते आणि गाठी पडतात. माझ्या दोन्ही धाकट्या बहिणींची पाळी सत्तेचाळिशीच्या आसपास गेली. बरोबरीच्या मैत्रिणींनी ऋषिपंचमीची उद्यापनेही उरकली, त्यामुळे ‘तुझी अजून चालूच का?’ हा प्रश्न मला प्रत्येक कार्यात ऐकावा लागतो. घरात सून आली आहे, तिच्यासमोर या वयात पॅड आणायला सांगणे अवघड वाटते. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटरची गाठ दिसली, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाका, आता तिचा उपयोग काय’ असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की जाताना ती अशीच जाते, वर्षभर कळ काढ. मी नेमके काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम वयाविषयीची तुमची धास्ती दूर करू. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते, तर पाश्चात्त्य देशांत ही सरासरी ५१ च्या आसपास आहे. मात्र सरासरी म्हणजे नियम नव्हे. काहींची पाळी चाळिशीतच जाते आणि काहींची पंचावन्नपर्यंत टिकते. पंचावन्ननंतरही ती सुरू राहिली तर आम्ही तिला उशिरा जाणारी पाळी म्हणतो. तुम्ही त्या रेषेच्या जवळ आहात, पण केवळ वयाच्या आकड्यावरून तुम्हाला कोणताही आजार आहे असे म्हणता येत नाही. उशिरा पाळी जाणाऱ्या स्त्रियांच्या हाडांना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे संरक्षण अधिक काळ मिळते, हा त्यातला लाभ. दुसऱ्या बाजूला, पाळी जितकी वर्षे लांबते, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका मूळ धोक्याच्या तुलनेत दर वर्षामागे सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण पन्नाशीनंतर पाळी सुरू असलेल्या स्त्रीने स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, टाळू नये, इतका अर्थ त्यातून नक्की निघतो.

वयापेक्षा मला तुमच्या रक्तस्रावाच्या बदललेल्या स्वरूपाची काळजी अधिक वाटते. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होत नाही, परंतु इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते. हे जाड झालेले अस्तर मग उशिरा, अनियमितपणे आणि भरपूर रक्तासह गळून पडते. वजन जास्त असेल तर चरबीच्या पेशींतही इस्ट्रोजेन तयार होत असल्यामुळे ही प्रक्रिया आणखी बळावते. म्हणजे तारखा मागेपुढे होणे आणि मधले एखाद-दोन महिने चुकणे हे या काळात स्वाभाविक असते. नऊ दिवस चालणारा आणि गाठींसह जाणारा रक्तस्राव मात्र ‘जातानाची पाळी’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण गर्भाशयातील मांसल कोंब, अस्तराच्या आत असलेली गाठ, थायरॉइडचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे आणि क्वचित अस्तरातील कर्करोगपूर्व बदल हे सारे अगदी याच रूपात दिसू शकतात, आणि बाहेरून त्यांतला फरक ओळखण्याची कोणतीही युक्ती ना सासूबाईंकडे असते, ना डॉक्टरांकडे.

म्हणून आधी तपासण्या. रक्तातील हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढ्या रक्ताच्या तपासण्या कराव्यात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी अस्तर आणि गाठीची जागा स्पष्ट दाखवते. पंचेचाळिशीनंतर पाळीचे स्वरूप असे बदलले असेल तर अस्तराचा लहानसा नमुना तपासणे, म्हणजेच बायोप्सी, आवश्यक समजावी. ती बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातही होते, काही मिनिटे पेटके येतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी करून घ्यावी. पाळी कधी जाईल हे कळावे म्हणून एफएसएच ही संप्रेरकाची रक्ततपासणी करून घेण्याचा आग्रह अनेक स्त्रिया धरतात. या वयात तिचा आकडा महिन्या-महिन्याला बदलत असल्यामुळे त्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे.

आता तीन सेंटिमीटरच्या गाठीविषयी. पन्नाशीच्या आसपास सोनोग्राफी केली तर अशा गाठी पुष्कळ स्त्रियांमध्ये आढळतात, आणि त्यांतील बहुतेक कोणताही त्रास देत नाहीत. गाठीच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची असते. गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या मोठ्या गाठीनेही पाळी फारशी बिघडत नाही, पण अस्तराखाली आतल्या पोकळीत आलेली एक सेंटिमीटरची गाठही खूप रक्त घालवू शकते आणि तशी गाठ दुर्बिणीतून, पिशवी न काढता, काढता येते. शिवाय पाळी गेल्यावर या गाठी सहसा आपोआप आक्रसतात. त्यामुळे बायोप्सीशिवाय आणि गाठीची जागा न पाहता केवळ ‘उपयोग काय’ या कारणासाठी गर्भाशय काढण्याचा सल्ला मला पटत नाही. महाराष्ट्राला या घाईचा अनुभव आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली होती. त्यांची परिस्थिती वेगळी आणि कितीतरी कठीण होती, हे मान्य. पण ‘पिशवी काढली की कटकट संपली’ हा विचार शहरांतल्या सुशिक्षित घरांतही तितक्याच सहजपणे बोलला जातो. गर्भाशय काढणे ही पोटातली मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्याबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होते. बायोप्सीत धोकादायक बदल आढळले, गाठी फार मोठ्या असल्या किंवा इतर उपचार करूनही रक्तस्राव थांबला नाही, तर ती शस्त्रक्रिया अवश्य करावी. तशा वेळी ती नाकारणेही चूकच ठरेल.

बायोप्सी निर्दोष आली तर तुमच्यापुढे बरेच मार्ग आहेत. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेतल्या जातात आणि त्यांनी रक्त जाणे साधारण निम्म्यापर्यंत कमी होते. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या नसेत पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या स्त्रीला मात्र त्या देत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारी, गर्भाशयात बसवायची तांबीसारखी साधने. पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग लागतात आणि पुष्कळ जणी वैतागून ते साधन काढायला येतात. पण तेवढा काळ धीर धरला तर रक्तस्राव इतका कमी होतो की पाळी नैसर्गिकपणे जाईपर्यंतची वर्षे त्याच्यावर निभावून जातात. तुमच्या वयाच्या स्त्रीसाठी मी बहुधा याच उपायाचा विचार प्रथम करते. तिसरा मार्ग ऑर्मेलॉक्सिफीन या गोळीचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ही गोळी सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने मिळते आणि जास्त रक्तस्रावासाठीही दिली जाते. मात्र त्यासाठीचे प्रमाण वेगळे असल्याने ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

औषध कोणतेही ठरो, तोवर रक्त भरून काढणे थांबवू नका. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा आकडा ४९ पाशी थांबतो, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे, कारण चोपन्नाव्या वर्षी दर महिन्याला रक्त गमावणारी स्त्री त्या मोजणीत येतच नाही आणि जिना चढताना लागणारी तिची धाप घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. अहळीव, पालेभाज्या, खजूर, गूळ हे सारे आहारात असावे, परंतु रिकामा झालेला लोहाचा साठा लाडवांनी भरून निघत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्याच लागतात. त्या चहापासून आणि कॅल्शिअमच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवाव्यात, लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास उत्तम, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवाव्यात. शौचाचा रंग काळा होतो, त्याची भीती बाळगू नये. गोळ्या सोसत नसतील किंवा हिमोग्लोबिन फार खाली गेले असेल तर शिरेतून लोह देता येते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचे दिवस आणि रोज बदललेल्या पॅडची संख्या लिहीत जा. डॉक्टरांना तोंडी सांगितलेल्या ‘खूप जाते’पेक्षा हा हिशेब कितीतरी उपयोगी पडतो. सलग काही तास दर तासाला पॅड बदलावे लागत असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पॅडचा खर्च वाढला असेल तर जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ हे पॅड एका रुपयाला एक या दराने मिळतात. राहिला सुनेचा संकोच. तिलाही पाळी येते, तेव्हा घरात ही गोष्ट समजून घेणारी तीच सर्वांत जवळची व्यक्ती आहे. बायोप्सीच्या दिवशी सोबत म्हणून तिलाच घेऊन जावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : माझे वय ५१ आहे. गौरी-गणपती, नवरात्र आणि घरातली लग्नकार्ये यांसाठी मी दरवर्षी तीन-चार वेळा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. औषधाच्या दुकानात त्या चिठ्ठीशिवाय मिळतात. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : होय, आणि या वयात तो तरुणपणापेक्षा अधिक आहे. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असते. पाळी लांबवण्यासाठी ती ज्या प्रमाणात घेतली जाते त्या प्रमाणात तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि नसांत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. स्थूलता, धूम्रपान, पूर्वी नसेत झालेली गाठ किंवा लांबचा प्रवास यांची भर पडली तर ती आणखी वाढते. दुसरा तोटा असा की पाळी मूळचीच अनियमित झालेली असताना वर्षातून चार वेळा तिच्या तारखा बदलल्या तर खरा बिघाड कोणता आणि गोळीचा परिणाम कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. एखाद्या प्रसंगी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि पूर्वेतिहास तपासून घेतलेली गोळी निराळी. सणासुदीला सवयीने घेतलेली गोळी मात्र मला मान्य नाही. पाळीच्या दिवसांत गौरींना हात लावावा की नाही, हा तुमच्या श्रद्धेचा भाग असल्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही. तरीही नैवेद्य एका वर्षी जावेने केला तर गौरी रुसत नाहीत, एवढे कोकणातल्याच एका घरातली मुलगी म्हणून सांगावेसे वाटते.

प्रश्न : वयाच्या ४२ व्या वर्षी मी तांबी बसवून घेतली होती. आता मी ५० वर्षांची आहे, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. तांबी काढून टाकावी का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : इतक्यात नको. चाळिशीनंतर बसवलेली तांबी त्रास देत नसेल तर पाळी कायमची जाईपर्यंत ठेवता येते. पाळी अनियमित झाली तरी मधूनच बीज बाहेर पडू शकते, त्यामुळे गर्भधारणेची शक्यता अल्प असली तरी संपलेली नसते. पन्नाशीनंतर सलग एक वर्ष पाळी आली नाही की तांबी काढून घ्यावी. ती काढायची राहून गेली असे मात्र होऊ देऊ नका, कारण पुढे गर्भाशय आकसल्यावर ती काढणे अवघड होते.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. चौदा महिने पाळी आली नाही म्हणून ती गेली असे मी समजत होते. मागच्या आठवड्यात दोन दिवस थोडे रक्त गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या की काहींची पाळी अशी परत येते. मी पुढच्या महिन्याची वाट पाहू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : वाट पाहू नका. सलग बारा महिने पाळी आली नाही तर ती गेली असे धरतात, आणि त्यानंतर लागलेला रक्ताचा एखादा डागही पाळी समजायचा नसतो. बहुतेक स्त्रियांत याचे कारण कोरडे आणि पातळ झालेले अस्तर किंवा साधा कोंब असे किरकोळच निघते. तरीही अशा दहा स्त्रियांमध्ये साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि तो या टप्प्यावर सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो. दोन आठवड्यांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांकडून योनिमार्गातून सोनोग्राफी करून घ्या. अस्तराची जाडी चार मिलिमीटरपेक्षा अधिक असेल किंवा रक्त पुन्हा गेले तर बायोप्सी करावी लागेल. मधुमेह, रक्तदाब किंवा स्तनाच्या कर्करोगानंतरची टॅमॉक्सिफेनची गोळी यांपैकी काही चालू असेल तर ते आवर्जून सांगा आणि सर्व औषधांची पाकिटे सोबत न्या.