चार महिन्यांचं पिल्लू उठेना, कॅल्शियम वाढवू का?

प्रश्न: डॉक्टर, आमचा बाजी ग्रेट डेन आहे, चार महिन्यांचा. परवापासून उभाच राहत नाही, पुढच्या दोन्ही पायांना मनगटाच्या वर सूज आहे, हात लावला की केकाटतो, जेवण सोडलंय, अंग तापलंय. सासरे म्हणतात हाडं कच्ची आहेत, म्हणून मी कॅल्शियमचं सिरप आणि अंड्याच्या टरफलांची पावडर देतेय. डोस वाढवू का? ताप उतरायला घरातली पॅरासिटामॉल चालेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून लगेच फोन केला होता की सिरप, पावडर दोन्ही बंद करा, आपली कुठलीही गोळी देऊ नका (पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषासारखी बाधू शकते) आणि आजच्या आज एक्स-रे काढा. तुम्ही त्याला न चालवता चादरीत उचलून नेलंत ते फार बरं केलंत. ज्यांच्या जवळपास एक्स-रेची सोय नाही त्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

एक्स-रेत मनगटाजवळ वाढीच्या प्लेटच्या (हाड जिथून लांब होतं तो पट्टा) बाजूला तिला समांतर दुसरी काळी रेष दिसली, तीच एचओडी या हाडांच्या आजाराची खूण, पूर्ण नाव हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी. दुखणं सांध्यात नसतं, सांध्याच्या जरा वर, हाड जिथून लांब होतं तिथे सूज येते आणि ताप 104-106 पर्यंत जातो, कुत्र्याचं नॉर्मल 101 ते 102.5 असतं. ग्रेट डेन, बॉक्सर, जर्मन शेफर्ड, वाइमरानर अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींत साधारण 2 ते 8 महिन्यांच्या वयात होतं. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, पण हाडं कच्ची राहिली म्हणून हे होत नाही.

आणि कॅल्शियमचं मी एवढं का सांगतोय, तर सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवताच येत नाही, पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं आणि हाडांची वाढच बिघडते, ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे 1980च्या दशकातच तपासून झालंय. तरी घरोघरी सिरपच्या बाटल्या चालूच आहेत, मायेपोटीच देतात सगळे, पण पिल्लाचे पाय वाकडे झालेले बघितले की जीव तुटतो हो. व्हिटॅमिन सी पण देऊ नका, उपयोग नाही.

आता बाजीला कुत्र्यांची वेदनाशामक चालू आहे. काहींना स्टेरॉइड लागतं, पण दोन्ही एकत्र कधीच नाही, आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, लस कधी दिली तेही त्यांना सांगा. बहुतेक पिल्लं काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत उठतात, पण परत उलटूही शकतं म्हणून ताप मोजत राहा. टाइल्सवर पाय घसरतात, तिथे जाड गोधडी टाका, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पाण्याचं भांडं तोंडाशी धरा. खायला लागला की मोठ्या जातीच्या पिल्लांचंच फूड, तीन वेळा थोडं थोडं, वरून काही नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, सासऱ्यांना तो बारीक वाटला तरी.